उदरपूतितेतील रक्तनिर्देशक
उदरपूतितेतील रक्तनिर्देशक : आतडे वा आंत्रपुच्छ फुटून, अथवा सूतिकाज्वरात गर्भाशयातून, पर्युदरात पसरलेल्या जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे इंद्रिये निकामी होऊ लागतात, या अवस्थेस उदरपूतिता म्हणतात. रोगी वाचण्याचा संभव अजमावण्यासाठी रक्तातील काही द्रव्यांचे मापन करतात.

वुर्ट्‌सबर्ग येथील योहान योझेफ शेरर यांनी सूतिकाज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक अम्ल असल्याचे १८४३ मध्ये नोंदविले. अवसादावस्थेत हे अम्ल जितके अधिक, तितका जगण्याचा संभव कमी, हे ब्रोडर व वाइल यांनी १९६४ मध्ये दाखविले. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत पूतिताजन्य अवसादाच्या निकषांमध्ये, पुरेसा द्रव देऊनही लिटरमागे २ मिलिमोलहून अधिक लॅक्टेट, हा एक निकष आहे.

टिलेट व फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांत शोधलेले सी-विक्रियाशील प्रथिन शस्त्रक्रियेनेही वाढते; त्यामुळे उदररोगात त्याचा एकटा आकडा फसवा ठरतो. पूतितेत प्रोकॅल्सिटोनीन वाढते, असे १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखविले. एका मापनापेक्षा उपचारांनंतरची घट अधिक बोलकी असते. तथापि कोणताही निर्देशक एकटा निर्णायक नाही; संसर्गाचे उगमस्थान शस्त्रक्रियेने वेळीच बंद होणे, यावरच रोग्याचे जगणे मुख्यतः अवलंबून असते.