परंपरा आणि पथिकगृह

कोरियाची राजधानी सोल येथें नोकरीनिमित्त गेलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र मध्यंतरीं आलें. कंपनीच्या खर्चानें त्यास तेथील एका आलिशान हॉटेलांत चार रात्री राहण्याचा योग आला होता, आणि त्या चार रात्रींच्या वर्णनानें त्यानें पत्राचीं चार पानें भरून काढलीं होतीं. भिंतींस हातकागदाचें अस्तर, खिडक्यांस लांकडी जाळी, मधोमध अंगणासारखा मोकळा दिवाणखाना आणि पायांखालीं मंद उबदार जमीन! आणि या सर्वांस जोडून अगदीं अद्ययावत् सुखसोयी. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, "सर, हे लोक आधुनिक झाले, पण परंपरा विसरले नाहींत. आपल्या मुंबईंत असें कोठें आहे?"

प्रश्न भाबडा असला तरी टाळतां येण्याजोगा नव्हता. मी राहतों वाकोल्यास, आणि पश्चिम द्रुतगति महामार्गाला लागून सन २००४ पासून उभें असलेलें ग्रँड हयात हें पंचतारांकित हॉटेल माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तेथील चित्रांची व शिल्पांची योजना राजीव सेठी यांच्यासारख्या जाणत्या कलासंयोजकानें केली असून भारतीय कलावंतांच्या अनेक कृति त्या वास्तूंत मांडलेल्या आहेत. तेव्हां "असें कोठें आहे?" या प्रश्नाचें उत्तर "माझ्या घराजवळच आहे" असें एका ओळींत देऊन मोकळें होतां आलें असतें. परंतु परंपरा म्हणजे काय, ती कोणाची, आणि ती पाहुण्याच्या खोलींत येते तेव्हां येतांना मागें काय ठेवून येते, हे प्रश्न त्या एका ओळींत मावणारे नव्हते. म्हणून हा लेख.

मुंबईंतील आधुनिक हॉटेलांचा इतिहास पाहूं गेल्यास प्रथम दृष्टीस पडतें तें वॉटसनचें एस्प्लनेड हॉटेल. इ. स. १८६० नंतरच्या दशकांत, कापसाच्या पैशानें शहर फुगलें असतां, जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानें तें बांधविलें. बांधविलें म्हणण्यापेक्षां जोडविलें म्हणणें अधिक यथार्थ होईल. कारण त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडांत ओतून घेऊन, जहाजांतून येथें आणून उभा करण्यांत आला होता. मार्क ट्वेन सन १८९६ च्या आरंभीं तेथें उतरला होता, आणि त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं लुमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं याच ठिकाणीं. ज्या वास्तूचा सांगाडाच परदेशांतून आला, तिला स्थानिक परंपरेशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. इंग्रज प्रवाशास आपण घर सोडून आलों आहों याचा विसर पडावा, एवढाच तिचा हेतु. आज काळ्या घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन या नांवानें जीर्णावस्थेंत उभी असलेली ही इमारत पाहतांना त्या हेतूची कींव येते. पण त्यांत ढोंग मात्र नव्हतें.

यापुढील पाऊल म्हणजे ताजमहाल हॉटेल. जमशेटजी टाटांस वॉटसनच्या हॉटेलांत प्रवेश नाकारला गेला व त्या रागानें त्यांनीं ताज बांधलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. तिला भक्कम पुरावा मात्र मिळत नाहीं. जमशेटजींसारख्या दूरदृष्टीच्या पुरुषास एवढी मोठी गोष्ट करण्यासाठीं अपमानाची टांचणी लागलीच पाहिजे असें मानण्याचें कारणही नाहीं. प्लेगनें हैराण झालेल्या या शहराचें भवितव्य उज्ज्वल आहे असा विश्वास जगास दाखविणें हें कारण त्यांस पुरेसें होतें. १६ डिसेंबर १९०३ रोजीं हें हॉटेल उघडलें तेव्हां समोर गेट-वे ऑफ इंडिया नव्हतें. तें सन १९२४ मध्यें खुलें झालें. प्रथम समुद्रावरून दिसे तो ताजचा घुमटच.

त्या घुमटाखालची वास्तु मूळ कोणाची? हा प्रश्न मी वर्गांत दरवर्षीं विचारतों, आणि दरवर्षीं उत्तर येतें तें असें: "एका इंग्रज वास्तुशिल्पज्ञाची, हॉटेल उलट्या तोंडानें बांधलें गेलेलें पाहून त्यानें आत्महत्या केली." ही कथा मुंबईच्या प्रत्येक वाटाड्याच्या जिभेवर आहे, आणि ती निखालस खोटी आहे. ताजचे मूळ नकाशे केले ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघां हिंदी गृहस्थांनीं. काम पुरें होण्यापूर्वींच वैद्य निवर्तले आणि उरलेलें काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुशिल्पज्ञानें तडीस नेलें. दर्शनी दरवाजा प्रथम शहराच्या बाजूस होता, तो चुकीनें नव्हे, हेतुपूर्वक. गाड्याघोडे शहराकडून येत, आणि इमारतीचे दोन बाहु त्या बाजूस पसरून मध्यें चौकासारखी जागा धरलेली होती. पुढें प्रवेश समुद्राकडे आला, त्या मोकळ्या जागेंत पोहण्याचा तलाव झाला, आणि मागचें-पुढचें उलटें झाल्याबरोबर लोकांच्या कल्पनेनें एक दुर्दैवी इंग्रज निर्माण केला.

मला या कथेचा राग येतो तो ती खोटी आहे म्हणून नव्हे. दंतकथा खोट्याच असावयाच्या. राग येतो तो अशासाठीं, कीं कधींच न जन्मलेल्या एका इंग्रजाच्या काल्पनिक मरणावर आम्हीं शंभर वर्षें हळहळलों, आणि खरोखर मेलेल्या सीताराम खंडेराव वैद्यांचें नांवही लक्षांत ठेवलें नाहीं. ताजच्या घुमटांत, सज्जांत, कोपऱ्यांवरील लहान घुमट्यांत पूर्व आणि पश्चिम यांचा जो संगम झाला आहे, त्याची प्रशंसा आपण करतों. पण तो संगम एका मराठी माणसाच्या हातांत प्रथम झाला हें आपल्या गांवींही नसतें. परंपरेची पहिली हानि ही अशी होते: वस्तु राहते, आणि कर्ता जातो.

आतां कोणी म्हणेल, हीं सारीं साहेबी हॉटेलें. आपली खरी परंपरा निराळी. घाट, विहिरी व धर्मशाळा यांनीं अहिल्याबाई होळकरांनीं हिंदुस्थानभर तीर्थक्षेत्रें सजविलीं, ती परंपरा आपली. हें खरें आहे, आणि तिचा अभिमानही योग्य आहे. क्रॉफर्ड मार्केटाजवळील सरदारगृह हेंही असेंच एक उतरण्याचें ठिकाण. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथें उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचें देहावसान झालें तेंही तेथेंच. ज्या घरांत राष्ट्रानें आपला नेता गमावला तें घर राजवाडा नव्हे, त्याचा स्वतःचा वाडाही नव्हे, तर उतारूंचें निवासस्थान होतें, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

परंतु या परंपरेची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. परदेशांतील शिक्षणानंतर सन १९१७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हां हिंदु हॉटेल त्यांस घेणार नाहीं हें ते जाणून होते. पारशी नांव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमाच्या माडीवर राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव दाराशीं आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा खालीं करण्याचें त्यांस फर्मावण्यांत आलें. एका हिंदु व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनीं आसरा मागितला. तो मिळाला नाहीं. सार्वजनिक बागेंत बसून त्यांनीं गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि बडोदें सोडलें. "अतिथि देवो भव" हें वचन आज प्रत्येक हॉटेलाच्या जाहिरातींत झळकतें. त्या वचनाच्या देशांत एका महापंडितास छपराखालीं एक खोली मिळूं शकली नाहीं, ही हकीगतही परंपरेचाच भाग आहे. लांकडी जाळी आणि समई यांच्याबरोबर ती खोलींत टांगतां येत नाहीं, एवढेंच. पैसे मोजणाऱ्यास जात न विचारणें हा आधुनिक हॉटेलाचा गुण, भिकार व्यापारी गुण म्हणून हिणविण्यापूर्वीं ही गोष्ट आठवावी. अर्थात् ज्याच्यापाशीं पैसे नाहींत त्यास तें हॉटेल आजही आंत घेत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या सोलकडे वळूं. पायांखालच्या ज्या उबेनें तो मोहून गेला तिला कोरियन लोक ओन्दोल म्हणतात. चुलीचा धूर व ऊब दगडी फरशीखालच्या पन्हळींतून फिरवून घराची जमीन तापवावयाची, वर तेलकट कागद घालावयाचा, आणि त्यावर बसावयाचें, जेवावयाचें, निजावयाचें, अशी ही शेंकडों वर्षांची रीत. ती कडक हिवाळ्यानें शिकविलेली आहे. शोभेसाठीं निघालेली नाहीं. म्हणूनच आजच्या हॉटेलांतही ती जिवंत वाटते. परंपरा उपयोगांत असली म्हणजे तिला जाहिरातीची गरज लागत नाहीं.

परंतु त्याच सोल शहरांत याहून कठोर इतिहास आहे. ऑक्टोबर १८९७ मध्यें कोरियाचा राजा गोजोंग यानें चीनचें मांडलिकत्व झुगारून आपणांस सम्राट् म्हणून घोषित केलें. त्यासाठीं त्यानें एक वेदी उभारली आणि तेथें आकाशदेवतेस यज्ञ अर्पण केला. हा यज्ञ स्वतंत्र सम्राटानेंच करावयाचा असे, म्हणून ती वेदी म्हणजे दगडांत कोरलेलें स्वातंत्र्यच होतें. सन १९१० मध्यें जपाननें कोरिया गिळला. १९१३ मध्यें ती वेदी पाडण्यांत आली. आणि १९१४ मध्यें त्याच जागीं सरकारी रेल्वेखात्याचें चोसन हॉटेल उभें राहिलें. त्याचा नकाशा जॉर्ज द लालांद या जर्मन वास्तुशिल्पज्ञाचा. जुन्या वेदीच्या परिसरांतील तीन मजली अष्टकोनी मंडप तेवढा शिल्लक ठेवण्यांत आला. सन १८९९ चा तो मंडप जणूं बागेची शोभा झाला! हॉटेलाची जुनी इमारत पुढें पाडली गेली, १९७० मध्यें नवी झाली. पण मंडप अद्यापि तेथेंच, हॉटेलाच्या सावलींत उभा आहे. चहाचा पेला हातीं घेऊन खिडकींतून तो पाहणाऱ्या प्रवाशास परंपरा आणि आधुनिकता यांचा मनोहर मिलाफ दिसत असेल. कोरियन माणसास काय दिसत असेल?

दुसरें उदाहरण शिल्ला हॉटेलाचें. ज्या टेकडीच्या आसऱ्यास तें सन १९७९ मध्यें सुरू झालें, तेथें १९३२ सालीं जपान्यांनीं इतो हिरोबुमी याच्या स्मरणार्थ मंदिर बांधलें होतें. हा इतो म्हणजे कोरियावर जपानचा अंमल बसविणारा मुत्सद्दी. त्यास १९०९ मध्यें आन जुंग-गुन या कोरियन देशभक्तानें हार्बिन येथें गोळी घातली. त्याच्या मंदिरास दरवाजा हवा म्हणून सोलमधील एका प्राचीन राजवाड्याचें महाद्वार उचलून तेथें नेण्यांत आलें. राज्य गेलें, मंदिर गेलें, पण द्वार तेथेंच राहिलें. प्रथम सरकारी अतिथिगृहाचें आणि मग हॉटेलाचें प्रवेशद्वार म्हणून तें पाहुण्यांचें स्वागत करीत होतें. अखेर सन १९८८ मध्यें कोरियन लोकांनीं तें मूळ राजवाड्याकडे परत नेलें. हॉटेलानें त्याच्या जागीं तशीच प्रतिकृति उभी केली. मला या कथेंत मोठें शहाणपण दिसतें. खरें द्वार घरीं गेलें, आणि पाहुण्यासाठीं नक्कल राहिली. आणि ती नक्कल आहे हें सर्वांस माहीत आहे. परंपरेचा मान राखण्याची ही एक प्रामाणिक रीत होय.

आतां वाकोल्याकडे. ज्यास आपण वाकोला आणि कलिना म्हणतों तो मुलूख सरकारदप्तरीं कोळे-कल्याण या नांवानें ओळखला जातो. पोर्तुगीजांची साष्टी, चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत (१७३७ ते १७३९) मराठ्यांकडे आलेली साष्टी, आणि १७७४ अखेर इंग्रजांनीं घेतलेली साष्टी, ती हीच. कलिन्याचें चर्च सतराव्या शतकाच्या आरंभींचें. त्याच्या आसपास राहणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आजही घरांत मराठीचीच एक बोली बोलतात. येथें भातशेती होती, बांध होते, आणि मिठी नदीस मिळणारा वाकोल्याचा ओढा होता. त्यास आतां नाला म्हणतात. विमानतळ आला, महामार्ग आला, आणि ज्या भूमीवर भात पिकत असे तेथें जगाचे पाहुणे एक रात्र निजून पुढें जाऊं लागले.

याविषयीं मी रडगाणें गाणार नाहीं. शहर वाढतें तेव्हां शेतें जातात, आणि त्या शेतांच्या मालकांचींच मुलें पुढें विमानतळावर व हॉटेलांत पोटास लागतात. माझें म्हणणें एवढेंच, कीं परंपरा ही सबंध देशाची असते तशी गांवचीही असते. आणि देशाची परंपरा भिंतीवर मांडणें सोपें, गांवची परंपरा ओळखणें अवघड. राजस्थानची कमान आणि केरळचा दीप कोणत्याही शहरांतील दिवाणखान्यांत शोभतात. पण पाहुणा जेथें निजला त्या जमिनीचें नांव काय, हें त्यास सांगणारें कोणी तरी हवें. तें काम हॉटेलाचें नसेल. तें आपलें, त्या भूमीवर राहणाऱ्यांचें, आणि विशेषतः इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यांचें आहे. आम्हीं तें नीट केलेलें नाहीं. केलें असतें, तर वैद्यांच्या जागीं तो काल्पनिक इंग्रज बसला नसता.

माझ्या विद्यार्थ्यास मीं शेवटीं लिहिलें तें असें: "तूं राहिलास तें हॉटेल सुंदर असेल यांत शंका नाहीं. पण एकदां सकाळीं खालीं उतरून त्या अष्टकोनी मंडपापाशीं जा, आणि तेथें पूर्वीं काय होतें तें एखाद्या वृद्ध कोरियन गृहस्थास विचार. मुंबईस आलास म्हणजे माझ्याकडे ये. अपोलो बंदरावर जाऊं, आणि ताजच्या मागच्या, म्हणजे खरोखर पुढच्या, बाजूस उभे राहून सीताराम खंडेराव वैद्यांचें नांव एकदां मोठ्यानें उच्चारूं. मग वाकोल्यास घरीं चल. आमच्या घरीं उबदार जमीन नाहीं. पण अंथरूण घालूं, आणि कोळे-कल्याण म्हणजे काय तें सांगूं."

त्याचें उत्तर आलें आहे. तो दिवाळींत येतो आहे. मंडप त्यानें पाहिला.