जिवंत राहिलेल्यांचे दुखणे

आपल्यापैकी बहुतेकजण अमेरिकेत आले ते शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी. मागे घर शाबूत होते, आईवडिलांची पत्रे येत होती. १९७५ नंतरच्या दोन दशकांत सुमारे दीड लाख कंबोडियन लोकही इथे आले. त्यांच्या मागे मात्र काहीच उरलेले नव्हते.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि काही दिवसांत शहर रिकामे केले. इस्पितळांतले रोगीसुद्धा रस्त्यावर काढले. पैसा, शाळा, बाजार, विहार सारे बंद झाले आणि शहरी माणसे शेतांवर वेठीला जुंपली गेली. शिकलेला माणूस शत्रू ठरला. डॉ. हाइंग न्गोर यांनी आपण डॉक्टर आहोत हे लपवले म्हणून ते जगले. पण पत्नी बाळंतपणात अडली तेव्हा त्यांना काहीही करता आले नाही आणि ती दगावली. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजांनी ही राजवट उलथली. तोवर सुमारे ऐंशी लाख लोकसंख्येच्या या देशात पंधरा ते वीस लाख माणसे उपासमार, रोग, अतिश्रम आणि कत्तली यांना बळी पडली होती.

थायलंडच्या सीमेवरील छावण्यांतून ही माणसे इथे आली. १९८० च्या निर्वासित कायद्याचा भर त्यांनी लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभे राहावे यावर होता. इंग्रजीचे वर्ग होते, नोकऱ्या शोधून दिल्या जात. मनावरच्या जखमांची विचारपूस क्वचितच होई.

जखमा मात्र बोलू लागल्या, त्या शरीराच्या भाषेत. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लाँग बीच भागात दिसत नसल्याची तक्रार घेऊन कंबोडियन बायका डॉक्टरांकडे येऊ लागल्या. डोळे तपासले तर निर्दोष. सरकारी मदतीसाठी सोंग करतात, असा संशयही घेतला गेला. ग्रेचेन व्हॅन बोमेल आणि पॅट्रिशिया रोझी या दोघींनी या बायकांचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की राजवटीत आणि छावण्यांत जितकी अधिक वर्षे काढली, तितकी नजर अधिक अधू. आम्हा इंजिनिअर मंडळींना असा आलेख दिसला की तो योगायोग वाटत नाही.

दुसरी तक्रार 'ख्याल'ची. ख्मेर भाषेत याचा अर्थ वारा. अंगातला वारा वर चढतो, मान आवळते, भोवळ येते आणि आता मरणार असे वाटते. वात डोक्यात गेला म्हणणाऱ्या आपल्या आजीला हे समजावून सांगावे लागले नसते! अमेरिकन मानसोपचारशास्त्राच्या अधिकृत ग्रंथात मात्र 'ख्याल'च्या झटक्यांची नोंद झाली ती २०१३ साली.

काळ लोटला की दुःख ओसरते, हा आपला समज. २००५ साली लाँग बीचमधल्या ४९० प्रौढ कंबोडियनांची पाहणी प्रसिद्ध झाली. नमुना यादृच्छिक होता, केवळ दवाखान्यात आलेल्यांचा नव्हे. येऊन वीस-वीस वर्षे झाली तरी ६२ टक्के लोकांना आघातोत्तर मनोविकार होता, ५१ टक्के लोकांना तीव्र नैराश्य. पोर्टलंडच्या मानसोपचार दवाखान्यातील विविध देशांच्या ४५९ निर्वासित रुग्णांची २००८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, ४२ टक्के रुग्णांना रक्तदाब होता आणि १५ टक्क्यांहून अधिक लोकांना मधुमेह. मनाचे दुखणे आणि शरीराचे दुखणे अशी वेगळी खाती इथे मांडता येत नाहीत.

उपाय ज्यांना सापडला त्यांनी सुरुवात भाषेपासून केली. पोर्टलंडला डेव्हिड किन्झी आणि बोस्टनला रिचर्ड मोलिका यांनी डॉक्टरांच्या शेजारी रुग्णांच्याच समाजातला, त्यांची भाषा बोलणारा सहकारी बसवला. स्वतःचा मुलगा दुभाषा असेल तर आई छळाची हकिकत कशी सांगणार?

१९७५ साली विशीत असलेली ती पिढी आज सत्तरीत आहे. आपल्या मंडळांत डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट पुष्कळ आहेत. डोकेदुखी, झोप न येणे, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन एखादी कंबोडियन आजी समोर आली, तर गोळी लिहून देण्याआधी चांगला दुभाषा बोलवावा आणि त्या चार वर्षांत ती कुठे होती, हे तिला हळुवारपणे विचारावे. ती लगेच सांगेलच असे नाही. पण विचारणारे कोणीतरी आहे, हे तिला कळेल.