दहा दिवसांची उसंत

५ सप्टेंबर १९९६ रोजी ऑस्ट्रियाच्या अर्थमंत्रालयाने महामार्गांवरील माहितीवहन यंत्रणेचे कंत्राट एका कंपनीला दिले आणि त्याच दिवशी करारावर सह्याही उरकल्या. इतर निविदाकारांना ही वार्ता कळली ती वृत्तपत्रांतून! त्यांनी दाद मागितली. पण तेथील कायद्याप्रमाणे करार झाल्यावर निवड रद्द होत नसे, फार तर नुकसानभरपाई मिळे. चोरी झाल्यावर कुलूप लावण्यातलाच हा प्रकार.

‘आल्काटेल’ या नावाने गाजलेल्या या खटल्यात २८ ऑक्टोबर १९९९ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की करार होण्यापूर्वीच्या निवडीला आव्हान देता आले पाहिजे व ती रद्दही करून घेता आली पाहिजे. पुढे २००७ च्या युरोपीय निर्देशाने मोठ्या कंत्राटांसाठी नियम घातला: निवडीची सूचना फॅक्सने वा इलेक्ट्रॉनिक मार्गाने धाडल्यावर निदान १० दिवस करार करावयाचा नाही, आणि हरलेल्यांना सूचनेबरोबरच कारणांचा गोषवारा द्यावयाचा.

या दोन अटी एकमेकींवाचून पांगळ्याच. मुदतीवाचून कारण हे नुसते सांत्वन. कारणावाचून मुदत ही नुसती प्रतीक्षा. दोन्ही हाती आल्या, की हरलेल्याची तक्रार हाच जनतेच्या पैशावरचा पहारा ठरतो.