उशा कोणी चोरल्या? डोडोनाच्या देवाला घातलेली गाऱ्हाणी

अगिस नावाच्या एका ग्रीक गृहस्थाच्या घरातून पांघरुणे आणि उशा नाहीशा झाल्या. त्या बाहेरच्या कोणी चोरल्या असतील काय, असा प्रश्न त्याने थेट झ्यूसला विचारला. ज्याच्या हाती वीज, जो देवांचा राजा, त्याला उशांचा तपास! हा प्रश्न शिशाच्या पातळ पत्र्यावर कोरलेला आहे आणि तो आजही वाचता येतो.

हा पत्रा सापडला तो वायव्य ग्रीसमधील एपिरस प्रांतात, तोमारोस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या डोडोना या तीर्थक्षेत्री. स्थान फार जुने. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीस डोडोनाच्याच झ्यूसची प्रार्थना करतो. येथे झ्यूस आणि त्याची सहचरी डिओनी यांची पूजा होत असे आणि एक ओक वृक्ष पवित्र मानला जाई. इजिप्तमधून उडत आलेली काळी पारवी या झाडावर बसून मनुष्यवाणीने बोलली, अशी येथील पुजारिणींनी सांगितलेली कथा हिरोडोटसने नोंदवली आहे. लिडियाचा राजा क्रीसस याने निरनिराळ्या देवस्थानांची परीक्षा पाहण्यासाठी दूत धाडले, त्यांतही डोडोना होते.

ग्रंथांतून दिसणारे डोडोना हे असे राजांचे आणि वीरांचे. जमिनीतून निघालेले डोडोना मात्र वेगळेच आहे.

कॉन्स्टंटिन करापानोस याने एकोणिसाव्या शतकात येथे उत्खनन केले आणि १८७८ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी काम पुढे नेले. २०१३ साली प्रकाशित झालेल्या संग्रहात चार हजारांहून अधिक लेख आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनपूर्व सहावे ते दुसरे शतक. शिसे स्वस्त, मऊ आणि अणकुचीदार टोकाने सहज कोरता येणारे. प्रश्न लिहून पत्र्याची घडी किंवा गुंडाळी करीत. काही पत्र्यांच्या बाहेरच्या बाजूस विचारणाऱ्याच्या नावाची खूण असे. जुना मजकूर दाबून सपाट करून त्याच पत्र्यावर पुढच्याचा प्रश्न कोरला जाई. त्यामुळे एकाची चिंता दुसऱ्याच्या चिंतेखालून अर्धवट डोकावताना दिसते आणि वाचणाऱ्या अभ्यासकांचे डोळे दुखतात!

प्रश्न कोणते? लग्न करावे काय, मुले होतील काय, मेंढ्या पाळणे किफायतशीर ठरेल काय, प्रवासाला निघावे काय. लिसानियास विचारतो की, अ‍ॅनिलाच्या पोटातील मूल आपले नाही काय? हर्मोनला क्रेटाइया हिच्यापासून आणखी, आणि कामास येतील अशी, अपत्ये हवी आहेत. त्यासाठी कोणत्या देवाची प्रार्थना करावी, एवढेच तो विचारतो.

हर्मोनच्या या शेवटच्या शब्दांत डोडोनाचे मर्म आहे. ‘मला अमुक दे’ अशी सरळ मागणी येथे क्वचित दिसते. ‘कोणत्या देवाची प्रार्थना केली, कोणाला बळी दिला, म्हणजे माझे भले होईल’ हा येथील नित्याचा साचा. ग्रीकांचे देव अनेक. प्रार्थना चुकीच्या दारी गेली तर ती वायाच. म्हणून आधी झ्यूसला पत्ता विचारायचा आणि मग त्या दारी जायचे. देवळात गाऱ्हाणे घालून कौल लावण्याची कोकणातील रीत ज्याने पाहिली आहे, त्याला हा व्यवहार फारसा परका वाटणार नाही. विशेष म्हणजे नगरराज्येही याच साच्यात बोलत. आपापसांत ऐक्य नांदावे यासाठी कोणत्या देवाला बळी द्यावा, हे कोर्सायराच्या नागरिकांनी येथेच विचारले.

कित्तोस याच्या पत्र्यावर मात्र थांबावेसे वाटते. डिओनिसिओसने कबूल केलेले स्वातंत्र्य आपल्याला त्याच्याकडून मिळेल काय, हा त्याचा प्रश्न. म्हणजे हा गुलाम. मालकाने शब्द दिला आहे, पण तो पाळला जाईल याची हमी देणारे माणसांच्या जगात त्याला कोणी नाही. प्राचीन इतिहासकारांच्या ग्रंथांत अशा माणसाला स्वतःच्या नावाने बोलायला जागा जवळजवळ नसते; शिशाच्या तुकड्यावर ती मिळाली.

देवाचे उत्तर पत्र्यांवर फार थोड्या ठिकाणी आढळते. ते तोंडी मिळे की चिठ्ठ्या काढून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. चिठ्ठ्यांच्या बाजूने एक गमतीदार कथा सिसेरोने दिली आहे. लेउक्ट्राच्या लढाईपूर्वी (इ. स. पू. ३७१) स्पार्टाच्या दूतांनी विजयाबद्दल कौल मागितला, तेव्हा मोलोसियन राजाच्या माकडाने चिठ्ठ्यांचे भांडे उलथून सगळे विस्कटून टाकले. स्पार्टा ती लढाई हरली.

पुढे रोमन काळात डेल्फीच्या देवळाशी संबंधित असलेला लेखक प्लुटार्क लिहितो की, आता जगात शांतता असल्यामुळे लोक लग्न करावे का, समुद्रप्रवास करावा का, कर्ज द्यावे का, असले किरकोळ प्रश्न देवाला विचारतात. त्याने हे डेल्फीविषयी लिहिले. पण त्याच्या कितीतरी शतके आधी, ग्रीक नगरे एकमेकांशी लढत असतानाही, डोडोनाला मेंढ्या, मुले आणि उशा यांचीच विचारपूस चालली होती.