लोहाची कमतरता

गुरांच्या खंगण्याचे लेखकाने दिलेले हे कारण लेखनाच्या काळच्या समजुतीला धरून आहे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत भरपूर हिरवे गवत असूनही गुरे खंगत, पापण्या आतून पांढऱ्याफटक पडत. लक्षणे पंडुरोगाची, म्हणून लिमोनाइट हे लोहखनिज चारले गेले. गुरे सुधारलीही! पण गुण लोहाचा नव्हता, त्यात मिसळलेल्या कोबाल्टचा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अशाच आजारावर काम करताना अंडरवुड आणि फिल्मर यांनी १९३५ मध्ये हे दाखवले. किलोभर सुक्या चाऱ्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम कोबाल्ट पुरते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू त्यापासून ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात. घोडे मात्र त्याच कुरणात धडधाकट राहत. — संपा.