गळक्या टाकीचा इतिहास : शाईच्या पेनापासून ई-सिगारेटपर्यंत

१/ शाईच्या पेनाने सदऱ्याच्या खिशावर उमटवलेला निळा डाग मागच्या पिढ्यांतील विद्यार्थ्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. ई-सिगारेटच्या टाकीतून झिरपणारा तेलकट द्रव हा त्याच डागाचा एकविसाव्या शतकातील वारस आहे. दोन्ही ठिकाणी भांडण एकच, द्रव आणि हवा यांचे. फरक इतकाच की पहिल्या डागाने सदरा खराब होत असे, दुसऱ्या डागात निकोटीन असते. म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या गळतीचा इतिहास कारागिराच्या मेजावरून थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन पोहोचला.

२/ गळती समजून घेण्यासाठी आधी पणतीकडे पाहावे लागते. पणतीतील तेल वातीतून आपोआप वर चढते. कापसाच्या तंतूंमधील अरुंद फटी द्रवाला ओढून घेतात आणि धरूनही ठेवतात. यालाच केशाकर्षण म्हणतात. ज्योत जेवढे तेल जाळते, तेवढेच वात वर आणते. ई-सिगारेटचे हृदय म्हणजे हीच वात. ज्योतीच्या जागी तिथे विजेने तापणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल असते.

३/ दुसरे तत्त्व सरबताच्या नळीचे. नळी पाण्यात बुडवून तिचे वरचे तोंड बोटाने दाबले की नळी उचलल्यावरही पाणी आतच राहते. बोट काढताच ते खाली सांडते. टॉरिचेल्लीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीचा प्रयोग सुचवला आणि हवेलाही दाब असतो हे जगाला दिसले. बंद भांड्यातून द्रव बाहेर पडायचा असेल, तर त्याच्या जागी हवा आत शिरावी लागते. हवेची वाट अडवली की द्रव थांबतो.

४/ या दोन तत्त्वांचा मेळ घालण्याचा पहिला मोठा व्यापारी यशाचा प्रयत्न पेनाच्या इतिहासात दिसतो. अमेरिकेतील लुईस एडसन वॉटरमन यांना १८८४ मध्ये पेटंट मिळाले. त्यांच्या पेनाच्या जिभेत बारीक खाचा होत्या. शाई खाली उतरे, तेवढीच हवा वर जाई. गळक्या पेनामुळे त्यांचा विम्याचा करार हुकल्याची कथा सांगितली जाते. ती बहुधा जाहिरातीतून जन्मलेली दंतकथा आहे. खाचा मात्र खऱ्या होत्या.

५/ धूम्रपानाच्या यंत्राकडे वळू. जोसेफ रॉबिन्सन यांच्या विजेवर चालणाऱ्या बाष्पकाला १९३० मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. त्यांचा हेतू औषधी वाफेचा होता. पुढे पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूर व तंबाखूविरहित सिगारेटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये पेटंट मिळवले. जळत्या तंबाखूऐवजी तापवलेली, ओलसर, सुवासिक हवा, ही त्यांची कल्पना. ती बाजारात रुजली नाही.

६/ आजच्या ई-सिगारेटचे जनक म्हणून चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांचे नाव घेतले जाते. ते स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेले होते. त्यांचे धूम्रपान करणारे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. २००३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या उपकरणाचे नाव ‘रुयान’, अर्थ ‘धुरासारखे’. आरंभीच्या रचनेत द्रवाचे तुषार करण्यासाठी ध्वनितीत कंपनांचा वापर होता. पुढे तापणारी कॉइलच रूढ झाली.

७/ सुरुवातीच्या या उपकरणांत टाकी नव्हतीच. मुखनळीत कृत्रिम तंतूंचा बोळा असे आणि द्रव त्यात जिरवलेला असे. बोळा स्पंजासारखा द्रव धरून ठेवी, त्यामुळे गळती कमी होई. पण बोळा लवकर कोरडा पडे, कॉइलपर्यंत द्रव पोहोचत नसे आणि घशात करपलेली चव उतरे. द्रव किती उरला हे दिसतही नसे. त्या काळातील मुख्य तक्रार गळतीची नव्हती, कोरडेपणाची होती.

८/ मग २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पारदर्शक टाकी आली. बोळा गेला, द्रव मोकळा झाला, डोळ्यांना दिसू लागला. आरंभीच्या अनेक टाक्यांत कॉइल वरच्या टोकाला होती आणि सिलिकाच्या लांब वाती खाली द्रवात लोंबत असत. द्रव खाली जात असताना वातीला तो बराच वर चढवावा लागे. त्यामुळे वापरणारे टाकी सारखी तिरपी करून वाती भिजवत बसत.

९/ यावर उपाय निघाला तो साधा होता : कॉइल तळाशी न्यावी. आता गुरुत्वाकर्षणच द्रव वातीकडे आणू लागले. कोरडेपणा सरला, आणि इथेच गळतीचे युग सुरू झाले. कारण वातीची छिद्रे आता द्रवाच्या पातळीखाली होती आणि त्यांच्या पलीकडे हवेचा मोकळा मार्ग होता. एका दुखण्यावरील औषधाने दुसरे दुखणे जन्माला घातले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते.

१०/ अशा टाकीत द्रवाला दोन पहारेकरी अडवतात. पहिला, छिद्रांत बसवलेला कापूस. दुसरा, टाकीच्या वरच्या भागात अडकलेली हवा. थोडा द्रव वापरला गेला की तिचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित कमी होतो आणि उरलेला द्रव जागीच टांगला जातो. बोटाने दाबलेली सरबताची नळीच ती. दोहोंपैकी एक पहारेकरी जरी ढळला, तरी टाकी गळते.

११/ म्हणूनच गळतीचे निदान करण्याची एक परंपरा घडत गेली. पहिला संशय रबरी कड्यांवर. काच आणि धातू यांच्या सांध्यातील कडे फाटले, सुकले वा वाकडे बसले, तर वरून हवा शिरते आणि दाबातील फरक नाहीसा होतो. मग गळतीची जागा आणि दोषाची जागा वेगवेगळ्या असतात : द्रव तळातून टपकतो, दोष मात्र वरच्या झाकणात असतो. नवख्याची फसगत नेमकी इथेच होते.

१२/ दुसरा संशय वातीवर. कापूस कमी वा सैल बसला तर छिद्र झाकले जात नाही. फार दाबून बसला तर द्रव पोहोचत नाही आणि कापूस करपतो. तिसरा संशय द्रवाच्या दाटपणावर. हा द्रव मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण असतो. साध्या तापमानाला ग्लिसरीन हे ग्लायकॉलपेक्षा वीसपटींहून अधिक दाट असते. दाट द्रवासाठी केलेल्या रुंद छिद्रांत पातळ द्रव ओतला, तर तो थांबणार कसा?

१३/ चौथा संशय भरण्याच्या रीतीवर : मधल्या धुराड्यात द्रव सांडणे, झाकण उघडे असताना हवेचा मार्ग बंद न करणे. पाचवा, ओढण्याच्या रीतीवर : कॉइल पुरेशी तापण्याआधी जोराने ओढले की द्रव वाफ न होताच कॉइलमध्ये साचतो. सहावा, टाकीच्या भिंतीवर : लिंबूवर्गीय आणि दालचिनीच्या स्वादद्रव्यांनी काही प्लॅस्टिकच्या टाक्यांना तडे जात. आणि कधी ती गळती नसतेच. वाफ थंड होऊन जमलेले दव असते.

१४/ सातवे कारण सर्वांत रंजक आहे, कारण त्यात दोष कोणाचाच नसतो. रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दाब घटला की हवा फुगते. विमानाच्या कक्षातील दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. तेव्हा टाकीतील हवा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते आणि द्रवाला बाहेर ढकलते. उन्हात उभ्या मोटारीतही हवा फुगते, शिवाय द्रव पातळ होतो. विमानात शाईची पेने गळत, ती याच कारणाने.

१५/ कारागिरांनी यावर हवेचे छिद्र टाकीच्या माथ्यावर नेले. आता द्रवाला बाहेर पडायचे तर आधी वर चढावे लागे. गळती बरीच घटली, पण हवेला लांबचा वळसा घालून कॉइलकडे आणावे लागले आणि रचना गुंतागुंतीची झाली. इथवरचा इतिहास केवळ कारागिरीचा वाटतो. परंतु टाकीतून गळणारा पदार्थ शाई नव्हता.

१६/ निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते. तंबाखूच्या ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या शेतमजुरांना होणारी मळमळ, उलट्या आणि चक्कर याचीच साक्ष देतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये आकडे मांडले : ई-सिगारेटच्या द्रवाबाबत विषबाधा केंद्रांना येणारे दूरध्वनी सप्टेंबर २०१० मध्ये महिन्याला एक होते, ते फेब्रुवारी २०१४ मध्ये २१५ झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रकरणे पाच वर्षांखालील मुलांची होती.

१७/ निकोटीन किती घातक, हाही इतिहासाचाच प्रश्न ठरला. प्रौढासाठी ६० मिलिग्रॅम प्राणघातक, हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत छापला गेला. ऑस्ट्रियातील औषधशास्त्रज्ञ बेर्न्ड मायर यांनी त्याचा माग काढला, तेव्हा वाट एकोणिसाव्या शतकात स्वतःवर केलेल्या शंकास्पद प्रयोगांपर्यंत गेली. खरा आकडा बराच मोठा असावा, असा त्यांचा निष्कर्ष. तरीही लहान मुलासाठी रंगीत, गोड वासाची बाटली धोक्याचीच राहिली.

१८/ मग गळतीला कायदा आडवा आला. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशाने टाकीची कमाल मर्यादा २ मिलिलिटर, भरणीच्या बाटलीची १० मिलिलिटर आणि निकोटीनची मर्यादा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ठरवली. टाकी फुटू नये, गळू नये आणि भरतानाही सांडू नये, हे बंधनकारक झाले. २०१६ च्या पूरक निर्णयाने तपशीलही ठरवला : बाटलीची चोच किमान ९ मिलिमीटर लांब, आणि उलटी धरल्यास मिनिटाला २० पेक्षा अधिक थेंब पडता कामा नयेत.

१९/ थेंब मोजणारा कायदा हास्यास्पद वाटू शकतो. पण वरचा २१५ चा आकडा आठवला की त्याचे गांभीर्य कळते. अमेरिकेतही जानेवारी २०१६ मध्ये अशा द्रवाच्या बाटल्यांना मुलांना सहज न उघडणारे वेष्टन सक्तीचे करणारा कायदा झाला. वॉटरमन यांच्या खाचांनी सोडवलेला प्रश्न आता राजपत्राच्या भाषेत लिहिला जाऊ लागला.

२०/ उद्योगाचे उत्तर वेगळे होते : टाकी भरायचीच नाही. २०१५ च्या सुमारास आधीच भरलेल्या, बंद, बदलत्या कुप्यांची उपकरणे अमेरिकेत आली. ना ओतणे, ना वात बदलणे; गळतीची बहुतेक कारणे एका झटक्यात बाद झाली. मात्र त्याबरोबर अडचणही गेली, आणि अडचण हा एक प्रकारचा अडसर होता. खिशात मावणारे, शिकावे न लागणारे यंत्र शाळेच्या दप्तरात शिरले.

२१/ अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत महिन्याभरात ई-सिगारेट ओढल्याचे सांगणाऱ्या माध्यमिक विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. २०१९ मध्ये ते २७.५ टक्के झाले. स्वाद, जाहिरात आणि घशाला सौम्य वाटणारे निकोटीनचे क्षार ही कारणे होतीच. वापरातील सुलभता हे त्यांच्या सोबतीचे कारण. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील सर्जन जनरलनी याला तरुणांमधील साथ म्हटले.

२२/ भारताने दुसरीच वाट धरली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेच्या कायद्याने त्याची जागा घेतली. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही. युरोपने थेंब मोजले. भारताने टाकीच नाकारली.

२३/ टाकी गळते तेव्हा दोष द्रवाचा नसतो. हवेला कुठेतरी वाट मिळालेली असते. या उपकरणाच्या इतिहासातही तेच दिसते. कोरडेपणा घालवला तर गळती आली, गळती घालवली तर सुलभता आली, आणि सुलभतेने मुले आत आली. प्रत्येक सुधारणेने एक छिद्र बुजवले आणि दुसरे उघडे ठेवले. शाईचा डाग धुतला की जात असे. निकोटीनच्या सवयीचा डाग इतक्या सहज जात नाही.