पुस्तकांकडून वाचलेला खासदार : मायकेल फूट

ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात चाळीस वर्षे बसलेली माणसे शोधू म्हटले तर पुष्कळ सापडतील. परंतु ज्यावर साहित्याच्या अभ्यासकानेही हक्क सांगावा असा त्यांतला सभासद विरळा. मायकेल फूट (१९१३–२०१०) हे अशा विरळांपैकी. १९४५ ते १९५५ प्लिमथमधील डेव्हनपोर्ट, आणि १९६० ते १९९२ वेल्समधील एब व्हेल व १९८३ नंतर ब्लायनाय ग्वेंट, अशी त्यांची संसदीय कारकीर्द. रूढ राजकीय इतिहासात ती एका दारुण पराभवापुरती उरली आहे. आम्हाला मात्र ती पुस्तकांच्या बाजूने वाचावीशी वाटते.

वडील आयझॅक फूट लिबरल पक्षाचे खासदार, आणि हजारो ग्रंथांनी घर भरून टाकणारे संग्राहक. ऑक्सफर्डच्या वादसभेचे अध्यक्षपद भूषवून मायकेल लिव्हरपूलला जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरीस गेले, तेव्हा त्या बंदरातील दारिद्र्य पाहून ते घरच्या लिबरल परंपरेतून समाजवादाकडे वळले. पुढे ते पत्रकार झाले. १९४० च्या जुलैत, फ्रान्स पडल्यानंतर, त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘केटो’ या टोपणनावाने ‘गिल्टी मेन’ ही पुस्तिका काढली. हिटलरपुढे नमते घेणाऱ्या चेंबरलेनादी पंधरा जणांवर तिच्यात आरोपपत्र ठेवलेले होते. मोठ्या पुस्तकविक्रेत्याने ती दुकानात ठेवण्यास नकार दिला. तरीही तिच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या.

हे पुस्तिकेचे प्रकरण लक्षात ठेवावे, कारण फूट यांचे पुढचे सारे लेखन येथून उलगडते. १९५५ साली डेव्हनपोर्टमध्ये ते हरले आणि मिळालेल्या सक्तीच्या सवडीत त्यांनी ‘द पेन अँड द स्वोर्ड’ (१९५७) लिहिले. विषय जोनाथन स्विफ्ट. पण ‘गलिव्हर’चा स्विफ्ट नव्हे. १७११ साली ‘द कंडक्ट ऑफ द अलाइज’ लिहून युद्ध लांबवणाऱ्यांविरुद्ध लोकमत फिरवणारा आणि सेनापती मार्लबरोच्या पदच्युतीस हातभार लावणारा पुस्तिकाकार स्विफ्ट. आमच्या वर्गांत स्विफ्ट हा मनुष्यद्वेष्टा उपहासकार म्हणून शिकवला जातो आणि राजकीय लेखन तळटिपेत ढकलले जाते. फूट यांनी तळटीप वर आणली. अर्थात टोरी मंत्रिमंडळाची चाकरी करणारा स्विफ्ट एका समाजवाद्याला इतका जवळचा का वाटावा, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते, सत्तेला थेट शब्दाने घायाळ करण्याचे कसब पक्षाहून मोठे वाटावे, ही त्यांची खरी निष्ठा होती.

ती निष्ठा सभागृहातही दिसे. १९६९ साली विल्सन सरकारने उमरावांच्या सभागृहाच्या सुधारणेचे विधेयक आणले, तेव्हा आपल्याच सरकारविरुद्ध फूट उभे राहिले आणि सोबतीला होते विरुद्ध टोकाचे टोरी एनॉक पॉवेल, एकेकाळचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक. पॉवेलना परंपरा जशीच्या तशी हवी होती, फूटना ते सभागृहच नको होते. दोघांनी वाक्पटुत्वाने विधेयक रेंगाळत ठेवले. एप्रिलमध्ये सरकारने ते मागे घेतले.

मंत्रिपदे पुढे आली. ती येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. एक रात्र मात्र सांगावी: २८ मार्च १९७९. कॅलहन सरकारवरील अविश्वास ठरावाच्या चर्चेला सरकारच्या वतीने अखेरचे उत्तर फूट यांनी दिले. भाषण रंगले, सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडले. एका मताने!

१९८० साली ते मजूर पक्षाचे नेते झाले. मराठी वाचकाला आडनावावर कोटी सुचल्यावाचून राहणार नाही, आणि खरोखरच १९८१ मध्ये पक्ष फुटला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युद्धस्मारकाच्या समारंभात त्यांनी घातलेल्या आखूड कोटावरून वृत्तपत्रांनी त्यांना हमालाच्या वेषातला नेता ठरवले. १९८३ च्या लांबलचक जाहीरनाम्याला त्यांचेच सहकारी जेरल्ड कॉफमन यांनी इतिहासातील सर्वांत लांब आत्महत्यापत्र म्हटले. पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या.

भारताशी त्यांचा स्नेह जुना: कृष्ण मेनन आणि इंडिया लीग यांच्यापासूनचा. पण याच स्नेहापोटी आणीबाणीत त्यांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली, आणि येथे आमची लेखणी अडखळते. कराडच्या साहित्य संमेलनात १९७५ साली दुर्गाबाई भागवतांनी विचारस्वातंत्र्यासाठी आवाज उठवला, पुढच्या वर्षी त्या तुरुंगात गेल्या. त्याच सुमारास लंडनमध्ये स्विफ्टचा हा भक्त नेहरूंच्या कन्येकडे मित्राच्या नजरेने पाहत होता. जुन्या मैत्रीचा आंधळेपणा, असे म्हणून आम्ही त्यांना सोडून देऊ शकत नाही. ज्याने पंधरा बड्या माणसांवर आरोपपत्र लिहिले, त्याला दिल्लीचे आरोपपत्र वाचता यायला हवे होते.

नेतृत्व गेल्यावर ते मागच्या बाकांवर आणि पुस्तकांत परतले. बायरनवर ‘द पॉलिटिक्स ऑफ पॅराडाइज’ (१९८८), वेल्सवर १९९५ साली चरित्र. त्यांचा दुसरा आराध्य हॅझलिट. तोही असाच, क्रांतीची बाजू कधी न सोडलेला निबंधकार. लंडनच्या सोहो भागातील सेंट ॲन चर्चच्या आवारात हॅझलिटची समाधी नव्याने उभारली गेली, तेव्हा १० एप्रिल २००३ रोजी तिचे अनावरण फूट यांच्या हस्ते झाले. त्या वेळी ते एकोणनव्वद वर्षांचे होते.